परत एकदा अंगठा

दुधनीहून बिराजदार काकांच्या पुतण्याचा फोन आला तेव्हा मी वाचनालयात नव्या पुस्तकांना कव्हरं घालत होते. काका लिंगैक्य झाले, असं तो म्हणाला. माती आदल्या दिवशीच दिली होती. काकांच्या फोनमध्ये माझा नंबर 'मास्तरीण' या नावानं होता, म्हणून आधी त्याला वाटलं की मी त्यांच्या मुलीच्या शाळेतली कुणी बाई असेन. मी म्हटलं, नाही, आम्ही एका ठिकाणी कामाला होतो. कुठं, असं त्यानं विचारलं नाही.

मी मास्तरीण कधीच नव्हते. एम. ए. होऊन शिकवायची नोकरी मिळेना, म्हणून सोलापुरातल्या एका मोबाइल कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्रात लागले. गिऱ्हाईक नसलं की काउंटरखाली पुस्तक धरून वाचत बसायचे. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या काउंटरवरून आवाज आला, "काय मास्तरीण, पेपर कधी हाय?" परीक्षा नाही, नुसतंच वाचते, असं मी सांगितलं. त्यांनी भुवया वर केल्या. "नुसतंच? बरं हाय की. आमच्यात नुसतंच कोण काय करत न्हाय." तेव्हापासून ते नाव चिकटलं, आणि मलाही ते काढून टाकावंसं वाटलं नाही.

शरणप्पा बिराजदार. पन्नाशी ओलांडलेली, अंगकाठी बारीक, चालणं हळू. सकाळी कपाळावर लावलेली विभूती दुपारपर्यंत घामानं निम्मी पुसली जायची. कंपनीनं आम्हाला निळे टी-शर्ट दिले होते. काका तो आपल्या पांढऱ्या हाफशर्टावर चढवत, त्यामुळे गळ्याशी पांढरी कॉलर बाहेर दिसायची. आमचे मॅनेजर माने साहेब यांनी त्यावरून त्यांना दोनदा टोकलं. "आतला माझा हाय साहेब, वरचा तुमचा," एवढं बोलून काका कामाला लागले. माने साहेब हसले. काकांवर रागावणं तसं कुणाला जमत नसे.

त्यांना चार भाषा येत. घरची कानडी, शाळेची मराठी, आणि उमेदीची वर्षं शहराच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीतल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेबनीस म्हणून गेल्यामुळे तेलुगू आणि दखनी. गिऱ्हाईक दारातून आत आलं की त्याच्या चालण्यावरून, लुगड्याच्या काठावरून ते भाषा ओळखत आणि तीच काढत. भाषा चुकलेली मी फार क्वचित पाहिली. एकदा त्यांनी एका बाईला तेलुगूत विचारलं आणि ती बाई शुद्ध मराठीत म्हणाली, मी अकलूजची आहे. काका दिवसभर त्यावर हसत होते. अकलूजच्या बायका अशा चालतात हे आता कळलं, म्हणाले.

आमच्याकडे टोकन नंबर पुकारायचा नियम होता. काका नंबर पुकारत नसत, अम्मा, अण्णा म्हणून बोलावत. त्यांची दुसरी एक पद्धत मी पुढं उचलली. काम होणार नसेल तर ते पहिल्या वाक्यात सांगायचं. आम्ही बाकीचे 'बघतो', 'सिस्टीम स्लो आहे', 'उद्या या' असं म्हणत असू, कारण नाही म्हणायला आम्हाला अवघड वाटायचं. काका म्हणत, माणूस हात हलवत गेला तर चालतं, पण बसून बसून हात हलवत जाऊ नये.

एका म्हाताऱ्याची गोष्ट इथं सांगायला हवी. अक्कलकोटच्या बाजूचा शेतकरी होता, डोक्याला पटका, हातात साधा बटणांचा फोन. त्याची बायको वारून आठ दिवस झाले होते. त्याला भेटायला न येऊ शकलेले लोक फोन करत, आणि फोन करणाऱ्याला घंटीऐवजी एका लग्नाच्या सिनेमातलं गाणं ऐकू येई. म्हाताऱ्याला स्वतःला ते ऐकू येणं शक्य नव्हतं. शेवटी त्याचा साडू घरी येऊन त्याला बोलला, की बायको जाऊन आठवडा होतोय आणि तुझं हे काय चाललंय. म्हातारा काउंटरवर उभा राहून काकांना कानडीत परत परत सांगत होता, की मी लावलं नाही, मला लावता येत नाही.

ते गाणं आमच्यापैकीच कुणीतरी लावलेलं होतं. अशी गाणी लावण्याचंही आम्हाला टार्गेट असायचं, आणि म्हातारे लोक फोन दाखवायला आले की काहीजण गुपचूप ते चालू करून देत. काकांनी ते बंद केलं. मग स्वतःच्या फोनवरून तीनदा त्याला फोन लावून घंटीच वाजते ना याची खात्री केली, आणि तिसऱ्या वेळी फोन त्याच्या कानाला लावून त्यालाही ऐकवलं. जेवणाच्या सुट्टीत कडक भाकरी मुठीनं फोडता फोडता, कुणाकडेही न बघता ते म्हणाले, "ज्यानं लावलं त्यानं एकदा त्या घरी फोन करून बघाया पायजे हुतं."  ते मी लावलेलं नव्हतं. पण इतरांना अशी गाणी लावताना मी पाहिलं होतं.

अंगठ्याचं मात्र त्यांच्याइतकं कुणाला जमत नव्हतं. नवं सिम द्यायचं तर गिऱ्हाईकानं छोट्या यंत्रावर अंगठा ठेवायचा. तो आधारशी जुळला की पडद्यावर हिरवी खूण यायची आणि नंबर चालू व्हायचा. हे शहर असं आहे की इथल्या निम्म्या बायकांचा अंगठा यंत्राला ओळखू येत नाही. पूर्व भागातल्या बायका दिवसाला शेकड्यांनी विड्या वळतात. पान मुडपून विडीचं तोंड मिटता मिटता बोटांची कातडी गुळगुळीत होऊन जाते, रेषा राहत नाहीत. रेशन दुकानात, बँकेत, सगळीकडे त्यांना 'जुळत नाही' ऐकून परत जावं लागे. आमच्याकडे काका होते. ते आधी बाईला हात धुऊन यायला सांगत, टॉवेलचा तुकडा देत, मग म्हणत, केसावरून अंगठा फिरवा अम्मा, डोईच्या तेलाला कामाला लावा. बाई हसायची, अंगठा भांगावरून फिरवायची. न जुळलं तर परत. चार वेळा, पाच वेळा. प्रत्येक वेळी काका पडदा तिच्याकडे वळवून दाखवत, की लाल आलं, घाबरू नका, परत ठेवा. हिरवं आलं की तिला आधी दिसायचं, मग काकांना. "माणूस काम करून दमलाय," ते मला म्हणाले होते, "यंत्राला त्ये कळंना तर यंत्राला शिकवायचं."

म्हणून पूर्व भागातल्या बायका थेट आमच्याकडे येत आणि आमच्या केंद्रात थेट काकांकडे.

ज्या वर्षाविषयी मी लिहिते आहे, त्या वर्षी आमचं केंद्र बंद करायची भाषा वरून सुरू झाली. नवीन जोडण्या कमी होत्या. रोज सकाळी शटर वर करायच्या आधी माने साहेब आम्हा सात जणांना उभं करून फळ्यावरचे आकडे वाचत. एके दिवशी सगळे पांगल्यावर त्यांनी काकांना थांबवलं. मी ड्रॉवरची किल्ली शोधत होते, त्यामुळे मला ऐकू आलं. माने साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांचा आवाज जवळजवळ विनवणीचा होता. ते म्हणाले, "काका, तुमच्याकडं बायका दहा वेळा अंगठा ठेवतात. कुणी विचारत नाही. एक जास्तीचा ठेवला तर काय होतंय?"

जास्तीचा म्हणजे असं, की बाईचं सिम चालू झाल्यावर तिला सांगायचं, जुळलं नाही, परत एकदा ठेवा. त्या दुसऱ्या अंगठ्यावर तिच्याच नावानं आणखी एक नंबर चालू करायचा. ते सिम तिला द्यायचं नाही. आकडा फळ्यावर चढला की झालं.

काका काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. त्या दुपारी एक बाई आली. पहिल्याच अंगठ्याला यंत्राचा 'जुळलं'चा बारीक आवाज आला. माझ्या खुर्चीवरून त्यांचा पडदा तिरका दिसायचा. हिरवी खूण मला दिसली. काकांनी पडदा वळवला नाही. ते तेलुगूत काहीतरी बोलले आणि बाईनं ओशाळून अंगठा केसांवरून फिरवला आणि परत ठेवला.

त्यानंतर दोन महिने तो पडदा काकांकडेच तोंड करून राहिला.

एकदाच मी विचारलं. जेवायला आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, काका, हिरवं आलं होतं. ते बराच वेळ शेंगाचटणी भाकरीवर पसरत राहिले. "व्हय," म्हणाले. मग म्हणाले, "ती सिमं ड्रॉवरमधी पडून मरत्यात, मास्तरीण. कुणाचं काय जातंय." मी मान हलवली. सात जणांचा पगार त्या फळ्यावर होता, त्यात माझाही. मी पुस्तक उघडलं. काय वाचत होते ते आता आठवत नाही, पण पान उलटत होते.

सिमं ड्रॉवरमध्ये पडून मेली नाहीत. महिनाअखेरीला वितरकाचा माणूस येऊन ती घेऊन जात असे. चालू असलेली, दुसऱ्याच्या नावावरची सिमं लागणारे लोक कुठंतरी असतात, हे आम्ही सगळेच वर्तमानपत्रात वाचत होतो.

नरसम्मा आली ती उन्हाळ्यात, दुपारी. साठीची विधवा, ठेंगणी, दोन मुलींची लग्नं विड्यांवर केलेली. तिच्या हातात पॉलिथीनच्या पिशवीत घडी केलेला कागद होता. परराज्यातले दोन पोलीस इथल्या शिपायाला घेऊन तिच्या गल्लीत येऊन गेले होते. तिच्या नावावरच्या एका नंबरवरून कुणीतरी एका निवृत्त शिक्षकाला बँकेतून बोलतोय असं भासवून फसवलं होतं. पुढच्या आठवड्यात तिला जबाबाला बोलावलं होतं, आणि तो जबाब पटला नाही तर तिला तिकडं नेणार होते. जिथून तिला पान आणि तंबाखू मिळायची, तिथल्या कारकुनानं सांगितलं होतं, की आधी पोलिसाचं मिटव, मग ये. चार दिवस विड्या वळायचं तिचं सूप रिकामं होतं.

हे सगळं तिनं काकांना सांगितलं, आणि सांगताना ती त्यांना दोष देत नव्हती. उलट तिनं कारण शोधून आणलं होतं. मला कळावं म्हणून की काय, मराठीतच बोलली. "माझं बोट पुसलंय, अण्णा. त्यावर काय लिवलेलं ऱ्हायलं न्हाय. आता ते कुणाचंबी बोट झालंय. कुणीतरी चोरानं ठेवलं आन् मशीनला वाटलं नरसम्मा हाय. तुमी तसं लिवून द्या की पोलिसाला. तुमाला म्हाईत हाय माझं बोट."

आणि तिनं काउंटरवर हात उताणा ठेवून अंगठा पुढं केला, पुरावा म्हणून.

माने साहेब मागं येऊन उभे राहिले होते. त्यांनी तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं, आणि पंधरा मिनिटांत कंपनीच्या लेटरहेडवर पत्र तयार केलं. झिजलेल्या ठशामुळे ओळख पटवताना तांत्रिक चूक झाली असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असं काहीतरी. तिचीच कल्पना, फक्त आमच्या भाषेत. खाली काकांची सही हवी होती, कारण यंत्र त्यांचं. माने साहेब हळू आवाजात म्हणाले की यात तिचंही भलं आहे आणि आपलंही. खरं तर ते तितकंसं खोटं नव्हतं. त्या पत्रानं ती कदाचित सुटलीही असती.

काकांनी पत्र दोनदा वाचलं. पेन हातात होतं. मग ते उठले, काउंटरला वळसा घालून बाहेर आले आणि गिऱ्हाइकांच्या बाकावर तिच्या शेजारी जाऊन बसले. ते तिच्याशी तेलुगूत बोलू लागले. मला तेलुगू येत नाही. मी फक्त तिचा चेहरा पाहत होते. तो आधी ऐकत होता, मग थांबला. काका बोलायचे थांबल्यावर तिनं आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. मग तिनं एक छोटा प्रश्न विचारला, आणि काकांनी मान खाली घालून होकार दिला.

तो प्रश्न काय होता ते मी पुष्कळ दिवसांनी काकांना विचारलं. ते म्हणाले, "ती म्हनली, म्हंजी माझं बोट चांगलं हुतं?"

पत्र तसंच काउंटरवर राहिलं. काका तिला घेऊन पोलीस ठाण्यात गेले आणि लिहून दिलं, की अंगठा जुळला होता, मी मुद्दाम दुसऱ्यांदा घेतला, या बाईला काही माहीत नाही. निळा टी-शर्ट त्यांनी ठाण्यात जायच्या आधी काढून खुर्चीवर ठेवला होता. दुसऱ्या दिवशी त्यांना कामावरून काढल्याचं पत्र आलं आणि आठवडाभरात त्यांच्यावर गुन्हा नोंदला गेला.

इथून पुढचं मला सावकाश लिहावं लागतं.

पुण्याहून कंपनीचा एक अधिकारी चौकशीला आला. नम्र, तरुण, माझ्याच वयाचा. त्यानं एकेकाला आत बोलावलं. मला विचारलं, बिराजदार असं करत होते हे तुमच्या लक्षात आलं होतं का? त्यांना कुणी तसं करायला सांगितलं होतं का? मी म्हणाले, मी माझ्या काउंटरवर होते, माझं लक्ष नव्हतं. त्यानं ते टिपून घेतलं आणि माझे आभार मानले.

त्या एका वाक्याचा परिणाम असा झाला, की कंपनीनं पोलिसांना कळवलं, आमच्या कुणाही कर्मचाऱ्यानं असा प्रकार पाहिलेला नाही. तो नंबर त्या बाईनंच घेतलेला असावा. बिराजदार ओळखीतून त्या बाईला वाचवत असावेत. बाहेरून आलेल्या पोलिसांना तेच पटण्यासारखं वाटलं. कोण माणूस स्वतःहून असा गुन्हा अंगावर घेतो? म्हणजे काकांनी खरं सांगूनही नरसम्मा सुटली नाही. तारखेमागून तारीख पडत गेली. कारकून पान देईना. आणि काकांनी माझं नाव घेतलं नाही. शेजारच्या काउंटरवरची पोरगी रोज बघत होती, हे त्यांनी कुठंच लिहून दिलं नाही. मी हे त्यांचं मोठेपण समजून स्वतःची समजूत काढत राहिले.

दरम्यान आमच्या केंद्रात एक गोष्ट घडू लागली, जी फळ्यावर दिसत नव्हती. पूर्व भागातल्या बायका यायच्या बंद झाल्या. नुसत्या आमच्याकडेच नाही. रेशन दुकानात त्या अंगठा ठेवायला तयार होईनात. आधी पडदा दाखव, म्हणायच्या. दुकानदार वैतागायचा, मागच्या रांगेतले ओरडायचे. एका म्हातारीनं दोन महिने धान्य उचललं नाही, पण अंगठा दिला नाही. दुकानदाराचा काही दोष नव्हता. आमच्या काउंटरवरचं खोटं त्याच्या दारात जाऊन बसलं होतं.

मग एक दिवस नरसम्मा आली. टोकन घेऊन, रांगेत थांबून, माझ्या काउंटरवर. काकांची खुर्ची रिकामी होती, कुणी नवीन माणूस अजून दिला नव्हता. तिनं त्या खुर्चीकडे बघितलं, मग तिथून माझ्या खुर्चीपर्यंतचं अंतर नजरेनं मोजल्यासारखं बघितलं.

"तू हितंच बसत हुतीस न्हवं?" ती म्हणाली.

मी हो म्हटलं.

"मग?"

एवढंच. ती रागावली नव्हती. ती बाजूला सरली, मागच्या माणसाला जागा करून दिली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी मी ठाण्यात जाऊन लिहून दिलं. हिरवी खूण, यंत्राचा आवाज, पडदा वळवणं बंद झालं ते, माने साहेबांचं बोलणं, आणि जेवताना काका मला काय म्हणाले तेही. ते शेवटचं वाक्य काकांच्या विरोधात जाणारं होतं. ते गाळावं का, असं मनात आलं. मग वाटलं, ते गाळलं तर मी परत तेच करते आहे. जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारांनी विचारलं, बाई, एवढे दिवस कुठं होता? मी म्हणाले, काउंटरवर.

महिनाभरात नरसम्माचं नाव त्या प्रकरणातून निघालं. ती साक्षीदार झाली, आरोपी राहिली नाही. वितरकाचा माणूस सापडला. माने साहेबांची बदली झाली. मी राजीनामा दिला, आणि दिला नसता तरी घेतला गेलाच असता. केंद्र वर्षाच्या आत बंद झालं. ज्या आकड्यांसाठी हे केलं ते आकडे काही कामाला आले नाहीत.

काकांवरचा खटला ते जाईपर्यंत चालूच होता. तारखेला ते दुधनीहून एसटीनं यायचे. मी एकदा कोर्टाच्या आवारात त्यांना भेटले आणि माझ्या जबाबाबद्दल बोलायला लागले. त्यांनी हातानं थांबवलं. "बरोबर लिवलंस. मला वाचून दावलं वकिलानं. एक काना-मात्रा चुकली न्हाय. मास्तरीण हायस." मग त्यांनी सांगितलं की त्यांनी त्या निवृत्त शिक्षकाचा नंबर मिळवून त्याला फोन केला होता. काय बोलायचं ते हिंदीत कागदावर लिहून काढलं होतं. पहिलं वाक्य वाचेपर्यंत त्यानं ठेवून दिला. "बँकेतनं बोलतोय असं वाटलं आसंल त्याला," काका म्हणाले. "पुन्यांदा केला न्हाय. कशाला भ्या दावायचं म्हाताऱ्या माणसाला."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्यानंतरच्या हिवाळ्यात. नरसम्माला भेटावं म्हणून मी तिच्या गल्लीत गेले होते. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी यंत्रमागांची एक शेड आहे. तिच्या खडखडाटात मी थांबले, कारण नरसम्माच्या उंबऱ्यासमोर काका उभे होते.

तोवर मला ऐकून माहीत होतं, की तारखेला आले की ते दुसरा दिवस थांबून पूर्व भागात जातात. ज्यांचा अंगठा दोनदा घेतला त्या सगळ्या बायका त्यांना आठवत होत्या, किंवा आठवतात असं ते म्हणत. एकेका घरी जाऊन ते त्या बाईच्याच फोनवर तिच्या नावावर किती नंबर आहेत ते सरकारी वेबसाइटवरून काढून दाखवत आणि नको असलेला बंद करायला लावत. बऱ्याच दारांतून त्यांना आधी शिव्या मिळत. त्या झाल्या की ते फोन मागत.

नरसम्मा उंबऱ्यावर बसली होती, मांडीवर सूप, पुढ्यात भिजवलेल्या पानांचं फडकं. बोटं चालू होती. काका काही सांगत होते, तेलुगूत, शेडच्या आवाजावर चढवून. ती वर बघत नव्हती. त्यांचं सांगून झाल्यावर तिनं वळलेली विडी सुपात टाकली आणि मराठीत म्हणाली, बहुधा शेजारणींनाही ऐकू जावं म्हणून, "पलीकडच्या बोळात यादगिरीची सून ऱ्हायली की. तिचंबी बघा."

काका म्हणाले, जाऊन आलो, दाराला कडी आहे.

"आता कशी घावंल? माल द्यायला गेली आसंल. चारला येती."

तेव्हा सकाळचे अकरा वाजायचे होते. काकांनी मान हलवली, खिशातला कागद काढून त्यावर काहीतरी लिहिलं आणि पलीकडच्या बोळाकडे वळले. त्यांनी मला पाहिलं की नाही, मला माहीत नाही. मी पुढं होऊन नरसम्माशी बोलले. तिनं मला चहा पाजला, धाकट्या मुलीच्या बाळाचा फोटो दाखवला, काकांचं नाव काढलं नाही. मी निघाले तेव्हा दुपार झाली होती.

बोळाच्या तोंडाशी मी आत डोकावले. कडी लावलेल्या दारासमोरच्या भिंतीला टेकून काका उभे होते. भिंतीची सावली आता हातभरच उरली होती. ते पाठ भिंतीला घट्ट लावून त्या सावलीत मावले होते, आणि दाराकडे पाहत होते.